खाली बघायचा चष्मा

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला किसनचा हातमोजा प्लेटखाली अडकला. हात निसटला, मोजा तिथंच राहिला.

दीड टनाची पोलादी प्लेट लाकडी ओंडक्यांवर टेकवायची, एवढंच काम होतं. किसन खाली ओंडका सरळ करत होता आणि छताखालच्या क्रेनवरून तुळशीराम मढवी प्लेट खाली सोडत होता. प्लेट अजून वीतभर वर आहे असं तुळशीरामला दिसलं. प्रत्यक्षात ती चार बोटं राहिली होती. त्यानं दांडा जरासा ढकलला, आणि प्लेट धपकन टेकली. किसननं हात कसा ओढला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. तो दोन पावलं मागं सरला, उघड्या हाताकडं बघितलं, पाचही बोटं उघडझाप करून पाहिली आणि मग वर बघून मूठ दाखवली. मूठ म्हणजे थांब.

महाप्याच्या त्या कारखान्यात मोठमोठ्या टाक्या बनायच्या. शेडच्या छताखाली दोन रुळांवरून क्रेन फिरायची आणि तिच्या पोटाला, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर, काचेची केबिन लटकलेली असायची. तुळशीराम त्या केबिनमध्ये चोवीस वर्षं बसत होता. खाली उभा राहून हाताच्या खुणांनी माल कुठं न्यायचा, कुठं टेकवायचा हे सांगणाऱ्याला शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, खलाशी म्हणत. किसन खलाशी. सतरा वर्षं तो तुळशीरामच्या क्रेनखाली होता. त्यांचं बोलणं बहुतेक हातांनीच चालायचं. जेवायला मात्र दोघं रोज एका बाकावर बसत.

त्या दिवशी डबा उघडायच्या आधी किसन म्हणाला, "मढवी, तुला दिसत न्हाई."

"दिसतं."

"मग माझा मोजा कसा गेला?"

तुळशीरामनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "ओंडका हलला तुझा."

"ओंडका न्हाई हलला." किसन पारनेरकडचा. रागावला की त्याचा आवाज उलट खाली जायचा. "गेल्या महिन्यात पाइप ठोकलास रॅकला. त्याच्या आधी मला खुणा दोनदा कराव्या लागत व्हत्या. मी गप बसलो. आज माझी बोटं गेली असती."

"मी पेपर वाचतो बिनचष्म्याचा. तू वाचून दाखव."

"पेपर वाचायला वर बसवलंय का तुला?" किसननं डब्याचं झाकण लावलं. तो जेवला नाही. "उद्यापास्नं तुझ्या खाली मी उभा न्हाई राहणार. चष्मा घेऊन ये, मग बघू. साहेबाला अजून काही सांगत न्हाई."

किसनचं चुकत नव्हतं, हे तुळशीरामला माहीत होतं. वर्षभरात लांबचं सगळं धुरकट व्हायला लागलं होतं. डाव्या डोळ्यानं तर शेडच्या दारावरच्या पाटीचा मजकूर म्हणजे नुसता पांढरा पट्टा. पण जवळचं लख्ख दिसायचं. बावन्नाव्या वर्षी बरोबरीचे लोक मोबाइल हात लांब करून धरत आणि हा नाकाशी धरून बारीक अक्षर वाचायचा. त्याचा त्याला अभिमान होता, आणि त्या अभिमानाच्या आड तो लपून बसला होता.

कंपनीची डोळेतपासणी दर वर्षी व्हायची. भिंतीवर तोच तक्ता, तीच ओळ. सहावी ओळ वाचून दाखवली की झालं. ई, डी, एफ, सी, झेड, पी. तुळशीरामला ती ओळ आपल्या आधारकार्डाच्या नंबरापेक्षा चांगली पाठ होती. मागच्या वर्षी त्यानं ती बघून नाही, आठवून म्हटली होती.

तो हे का करत होता, तर नंदकुमारमुळं. नंदकुमार शेजारच्या शेडमध्ये क्रेन चालवायचा. तीन वर्षांपूर्वी तो चष्मा लावून कामावर आला आणि महिन्याभरात क्रेनवरून उतरून गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसला. तेव्हापासून शॉपमध्ये सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, की क्रेनवाल्याला चष्मा लागला की तो खाली आला. तुळशीरामला खाली यायचं नव्हतं. घणसोलीची त्यांची शेती आणि मिठागर सगळं भूसंपादनात गेलं, त्यानंतर त्याचा बाप याच पट्ट्यात हमाली करत आयुष्य काढून गेला. तुळशीराम घरातला पहिला माणूस जो यंत्रावर बसला. शेडमध्ये शंभर माणसं काम करत आणि त्या सगळ्यांच्या वर तो एकटा असायचा. हे त्यानं कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण रोज शिडी चढताना त्याला ते वाटायचं.

बुधवारी त्यानं ताप आल्याचं कळवलं आणि शनिवारपर्यंत रजा टाकली.

जमुना, त्याची बायको, सकाळी त्याच्या कपाळाला हात लावून गेली. ताप नव्हता. तिनं चहाचा कप पुढं ठेवला आणि समोर बसली.

"काय झाला?"

त्यानं सांगितलं. मोज्याचंही सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"बेलापूरला हलिमाभाभीकडं जाऊया. माझा चष्मा तिनंच दिला. डोले चांगले बघते ती."

"तिच्याकडं नको. तुझा अख्खा माहेर तिथं चष्मे करतो. संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

"होऊ दे."

"आपल्या गावची चार पोरं कंपनीत हायेत. उद्या शॉपमध्ये कळलं तर? मी वाशीला जातो. तिथं मला कोन ओळखत नाय."

संध्याकाळी तो मुलीला घेऊन वाशीच्या मॉलमध्ये गेला. मनस्वी खारघरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला होती, तिथून ती थेट आली. दुकान चकचकीत, भिंतीभर फ्रेमा, प्रत्येक फ्रेमवर उजेड. एका यंत्रात हनुवटी ठेवायला सांगितली, आत लांबवर एक फुगा दिसला, स्पष्ट झाला, पुन्हा धूसर झाला, आणि यंत्रातून कागद बाहेर आला. मग काचा बदलून अक्षरं वाचून घेतली. उजव्याला दीड, डाव्याला पावणेतीन.

"आधी चष्मा नव्हता सर तुम्हाला?" सेल्समननं विचारलं. टाय लावलेला, बोलायला गोड मुलगा.

"नव्हता."

"एवढा नंबर असून? कमाल आहे." तो हसला. "आणि काम काय करता सर आपण?"

मनस्वीनं वडिलांकडं बघितलं.

"ऑफिसात," तुळशीराम म्हणाला.

मनस्वीला वाटलं, बापाला कामगार म्हणवून घ्यायची लाज वाटली असेल इथं. तिनं मान खाली घालून मोबाइल उघडला. लाज नव्हती ती. क्रेन हा शब्द या दुकानातून कसा कोण जाणे महाप्याला पोचेल, अशी त्याची भीती होती.

"मग तुम्हाला प्रोग्रेसिव्हच बेस्ट," सेल्समन म्हणाला. "वरच्या भागातून लांबचं, मधून कम्प्युटर, खालून वाचायचं. एकाच काचेत सगळं. मधे रेषही दिसत नाही. सारखा काढघाल करायला नको."

एकाच काचेत सगळं, हे तुळशीरामला पटलं. मग फ्रेम. ती निवडणं त्याला सगळ्यांत कठीण गेलं, कारण फ्रेम लावून आरशात बघितलं तर चेहराच नीट दिसेना. पुढं वाकून आरशाला नाक टेकवावं तर नुसता डोळा दिसायचा. शेवटी मनस्वीनं एकेका फ्रेममध्ये त्याचा फोटो काढला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. पाच फोटोंत पाच वेगळी माणसं. एकात तो हिशेबनीस दिसत होता, एकात आजारी. काळ्या, जाड काडीच्या फ्रेममध्ये त्याला आपला बाप दिसला आणि त्यानं तो फोटो पटकन पुढं सरकवला.

"ही घ्या पप्पा. पातळ आहे. लावलाय हे कळणार पण नाही."

लावलाय हे कळणार नाही, याच एका कारणासाठी त्यानं ती घेतली.

चष्मा रविवारी मिळाला. दुकानातून बाहेर येताना सरकत्या जिन्यावर पाय टाकला तर पायरी पाण्यात असल्यासारखी हलली. त्यानं कठडा धरला. सेल्समननं आधीच सांगितलं होतं, दोन-चार दिवस सवय व्हायला लागतील. पण दारातून समोर बघितलं आणि तो उभाच राहिला. रस्त्यापलीकडच्या झाडाला पानं होती, सुटी सुटी. बसवरचा नंबर वाचता येत होता. इतके दिवस आपण काय बघत होतो, असं त्याला वाटलं. त्या धुरकटीतून तो किसनच्या डोक्यावरून टनांनी लोखंड नेत होता.

सोमवारी तो कामावर गेला. किसननं चष्म्याकडं बघितलं, मान हलवली आणि नवा हातमोजा चढवला. दोघांमध्ये तेवढंच झालं.

शिडी चढताना पहिली कुणकुण लागली. पाय ठेवायला खाली बघितलं की गज दुणावल्यासारखा दिसायचा. त्यानं बघणं सोडलं आणि सवयीनं पाय टाकत वर गेला. सकाळची दोन-तीन कामं लांबची होती, शेडच्या त्या टोकाला. लांबवर सगळं सुरेख दिसत होतं. त्याच्या जिवात जीव आला.

अकरा वाजता टाकीचं झाकण उचलायचं आलं. घुमटाच्या आकाराचं, साडेचार टनांचं. ते उभ्या टाकीच्या तोंडावर अलगद बसवायचं होतं. किसन टाकीशेजारच्या मचाणावर उभा राहिला आणि त्याच्याबरोबर दोन वेल्डर. झाकण वर गेलं, पुढं आलं आणि टाकीच्या बरोब्बर वर थांबलं. आता झाकण केबिनच्या जवळजवळ खाली होतं. तुळशीरामनं मान तशीच ठेवून नजर खाली टाकली, चोवीस वर्षं टाकत होता तशी.

खाली काहीच नव्हतं.

म्हणजे होतं, पण कुणी तेल ओतल्यासारखं. झाकणाची कड वाकडी होऊन पसरली होती. मचाण होतं, त्यावर तीन ठिपके होते, आणि त्यातला एक ठिपका हात हलवत होता. हात वर की खाली, बोट की मूठ, काही कळेना. काचेचा खालचा भाग हातभर अंतरावरचं पुस्तक वाचायला होता, आणि तो त्यातून दहा मीटर खाली बघत होता. हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला एवढंच कळलं, की साडेचार टन तीन माणसांच्या बाजूला लटकतंय आणि आपण आंधळे झालोय.

त्यानं दांडे सोडले आणि लाल बटण दाबलं. क्रेन थांबली. झाकण साखळ्यांवर हळू झुलायला लागलं.

खालून किसनचा आवाज आला. "आरिया! आरिया, मढवी! काय झालं?" आरिया म्हणजे खाली सोड.

चष्मा काढला. नेहमीचं धुकं आलं. त्यात किसन होता, पण त्याची बोटं नव्हती. पुन्हा लावला. तेल. खाली वेल्डर झाकणाचा झोला थांबवायला हात लावू बघत होते आणि किसन त्यांना मागं ढकलत होता.

मग त्याला झाडाची पानं आठवली. तेव्हा सरळ बघितलं होतं. वरच्या भागातून. तो खुर्चीतून पुढं सरकला, कमरेत वाकला आणि हनुवटी छातीला लावून चेहराच जमिनीकडं केला, इतका की कपाळ केबिनच्या खालच्या काचेला टेकलं. तेल निवळलं. किसन दिसला. त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, तेही दिसलं. हाताचा पंजा आडवा, बोटं हळूहळू खाली वाकताहेत.

तशाच वाकलेल्या अवस्थेत, दांडे अंदाजानं पकडून, त्यानं झाकण सोडायला सुरुवात केली. बोटभर. थांब. बोटभर. थांब. मानेची शीर उडत होती. घाम नाकावरून काचेवर पडत होता आणि चष्मा घसरत होता. तो पडला असता तर सगळंच संपलं असतं. त्यानं एका हाताच्या अंगठ्यानं तो नाकावर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं दांडा. सात मिनिटं लागली. एरवी दीड मिनिटाचं काम. झाकण टेकलं, किसननं मूठ दाखवली, साखळ्या सैल पडल्या.

तुळशीराम तसाच वाकून बसला होता, तेव्हा शिडीवर पावलं वाजली. सतरा वर्षांत किसन कधी केबिनमध्ये आला नव्हता. त्याला उंचीची भीती वाटायची. तो दारात दोन्ही हातांनी चौकट धरून उभा राहिला, खाली न बघता.

"दिसत व्हतं का न्हवतं?"

"मधेच गेला."

"कसं म्हंजी?"

"समोर दिसतो. खाली बघितला की जातो."

किसननं त्याच्या नाकावरच्या चष्म्याकडं बोट केलं. "दुकानदाराला सांगितलं व्हतंस का, तू काय काम करतोस ते?"

तुळशीरामनं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.

"मी आता जाऊन मॅडमला सांगणार हाय," किसन म्हणाला. "तू आधी गेलास तर बरं होईल."

प्रियदर्शिनी मॅडम कंपनीच्या सेफ्टी ऑफिसर होत्या. वय पस्तिशीच्या आत, डोक्यावर कायम हेल्मेट, आणि शॉपमध्ये सगळे त्यांना टरकून असत. तुळशीराम त्यांच्या टेबलासमोर उभा राहिला आणि एकदाही न थांबता सगळं बोलला. मोजा, ताप, पाठ केलेली ओळ, ऑफिसात काम करतो म्हणून सांगितलेलं. त्या लिहीत होत्या. मधेच त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सहावी ओळ पाठ होती?"

"हो."

"किती वर्षं?"

"पाठ बरीच वर्षं हाय. वाचता येत नाय असं एक वर्ष."

त्यांनी त्याला ओरडून काही म्हटलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. "मढवी, वर्षभर तुम्ही माणसांच्या डोक्यावर न बघता माल फिरवलात. याचा मेमो येईल, तो मी थांबवणार नाही. आजपासून क्रेन बंद. शुक्रवारी डॉक्टरांपुढं उभे राहा, आणि त्याआधी डोळ्यांच्या माणसाला खरं काम सांगून या."

"चष्मा लागला म्हणून खाली उतरवनार काय मॅडम?"

"ते डॉक्टर ठरवतील. मी आता काही सांगू शकत नाही."

त्याच संध्याकाळी जमुना त्याला बेलापूर गावात घेऊन गेली. या वेळी त्यानं नको म्हटलं नाही. हलिमाचं दुकान एका तीनमजली जुन्या इमारतीच्या तळाला होतं. डोळे हलिमा तपासायची, काचा तिचा नवरा मुस्तफा घासायचा, आणि दोघं राहायचे तिसऱ्या मजल्यावर. हलिमा साठीकडं आलेली, बोलणं थोडं.

तिनं त्याला खुर्चीत बसवलं आणि तक्ता लावला. "सहावी ओळ वाचा."

"ई, डी, एफ, सी, झेड, पी," तो म्हणाला. सवयीनं तोंडातून निघून गेलं.

हलिमानं तक्त्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "वाचलंत का आठवलंत?"

त्याचे कान तापले. तिनं तक्ता उलटा केला. मागं नुसते आकडे होते. त्याला वरचे दोनच वाचता आले.

तिनं बॅटरीनं दोन्ही डोळ्यांत बघितलं, डाव्यात जरा जास्तच वेळ. मग स्टूल ओढून समोर बसली.

"तुळशीभाऊ, या डोळ्यात मोतीबिंदू चालू झाला वाटतं मला. अगदी सुरुवात. म्हणून लांबचा नंबर चढतोय, आणि म्हणूनच तुमाला जवळचं बिनचष्म्याचं दिसतं. डोळे चांगले आहेत म्हणून नाय. नक्की काय ते डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून घ्या, मी चिठ्ठी देते."

जमुनानं पदराचं टोक मुठीत धरलं. तुळशीराम आपल्या गुडघ्यांकडं बघत राहिला. ज्याची शेखी मिरवत होता तीच दुखण्याची खूण निघाली.

"आता सांगा," हलिमा म्हणाली, "कामावर नजर कुठं असते तुमची? समोर, वर, का खाली?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. "खाली. दिवसभर खाली."

"किती खाली?"

"दहा मीटर. आणि तिथं माणूस उभा असतो. त्याची बोटं दिसायला पायजे."

हलिमानं वाशीचा चष्मा उजेडात धरला, काच बोटानं पुसली आणि परत ठेवला. "हा चांगला आहे. ऑफिसवाल्याला. तुमाला पूर्ण काचेत लांबचाच नंबर हवा, वरपास्नं खालपर्यंत. वाचायचं असलं की काढून ठेवायचा. आणि फ्रेम मोठी पायजे, खालपर्यंत उतरणारी. या पातळ फ्रेमच्या खालून नजर निसटेल. चला वर."

"वर कुठं?"

"माझ्या घरी. इथं बसून मला तरी काय कळणार, खाली किती दिसतं ते?"

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मुस्तफानं त्याच्या नाकावर तपासणीची गोल, जड चौकट चढवली. हलिमा खाली गल्लीत आकड्यांचा तक्ता छातीशी धरून उभी राहिली. जमुना तिच्या शेजारी. येणारे-जाणारे थांबून वर बघायला लागले, त्यात जमुनाच्या माहेरची दोन माणसंही होती. आठवड्यापूर्वी त्याला हीच भीती वाटत होती. आता त्याला त्यांच्याकडं बघायलाही फुरसत नव्हती.

"उजवा," मुस्तफानं डाव्यावर झाकण ठेवलं.

तुळशीरामनं आकडे म्हटले. खालून हलिमानं मान हलवली.

"डावा."

"सात. चार." तो थांबला. "तीन. का आठ?"

हलिमानं नकाराचा हात केला. मुस्तफानं काच बदलली. तीन की आठ, अजून फरक कळेना. दुसरी बदलली, मग एक काच चौकटीत हळूहळू फिरवली. तुळशीराम कठड्याला पोट टेकून उभा होता. या डोळ्यानं नाहीच म्हटलं तर शुक्रवारी डॉक्टरांपुढं जाण्यात अर्थ नव्हता. काच थोडी अजून फिरली.

"आठ," तो म्हणाला. "मग पाच. मग दोन, नाय, शून्य. शून्य."

हलिमानं तक्ता खाली केला. आता तिनं नुसता हात वर केला होता, बोटं दुमडून. मान न वाकवता, फक्त नजर खाली टाकून, दोन्ही डोळ्यांनी तो बघत होता.

"किती?" खालून आवाज आला.

"दोन बोटं. आणि एकात अंगठी."

फ्रेम निवडायला पाच मिनिटं लागली. हलिमानं तीन काढल्या, त्यानं प्रत्येक लावून डोळे खाली वळवले आणि जिच्या कडेखालून काही निसटत नव्हतं ती उचलली. काळी, जाड काड्यांची, मोठ्या काचांची होती. आरशात त्यानं बघितलंच नाही. घाम आला तरी घसरू नये म्हणून मुस्तफानं काड्यांना मागून पट्टा लावून दिला.

बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या सुरुवातीवर शिक्कामोर्तब केलं आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलं. गुरुवारी मुस्तफानं चष्मा तयार करून दिला, आणि शुक्रवारी कंपनीच्या डॉक्टरांनी त्या चष्म्यासकट तपासायला पाऊण तास घेतला. तुळशीरामनं त्यांनाही सगळं सांगितलं, आणि शेवटी नंदकुमारबद्दल विचारलं.

"दुसऱ्याच्या तब्येतीचं मी बोलत नसतो," डॉक्टर म्हणाले. "पण नुसता चष्मा लावला म्हणून मी आजवर कुणाला खाली उतरवलेलं नाही. सहा महिन्यांच्या बोलीवर लिहून देतो. दर वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद आणायचा. आधी ट्रायल घेतील, ती जमली तर."

ट्रायल पुढच्या मंगळवारी ठरली. मधले दिवस त्याला स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला बसवलं. मेमो आला, त्यावर त्यानं सही केली. जेवायला किसन आता दुसऱ्या बाकावर बसत होता.

मंगळवारी प्रियदर्शिनी मॅडमनी दोन टनांचा ठोकळा जमिनीवर आखलेल्या चौकोनात टेकवायला सांगितला. "खलाशी कोण राहील?" त्यांनी विचारलं. उभ्या असलेल्या सातआठ जणांपैकी कुणी पुढं आलं नाही. तुळशीराम शिडीच्या तळाशी उभा होता. आपल्याला कुणी हो म्हणावं असं आपण वागलोय का, हे तो मनातल्या मनात विचारत होता आणि उत्तर त्याला माहीत होतं.

"मी राहतो," किसन मागून म्हणाला. "पण माल उचलायच्या आधी मला याला काही विचारायचंय. वर गेल्यावर."

तुळशीराम वर गेला. खाली चौकोनाच्या कडेला किसन उभा राहिला आणि त्यानं उजवा हात छातीपाशी धरला. तीन बोटं. तुळशीरामनं खिडकीतून हात बाहेर काढून तीन दाखवली. किसननं हात पाठीमागं नेला, पुढं आणला. एक. तुळशीरामनं एक दाखवलं. मग चार. मग बंद मूठ, पण अंगठा जरासा बाहेर. तुळशीरामनं तसाच अंगठा जरासा बाहेर काढला. असं त्यानं नऊ वेळा विचारलं. मॅडमनी मधे पडून थांबवलं नाही.

दहाव्या वेळी किसननं पंजा आडवा करून वर नेला. उचल.

ठोकळा उठला, चौकोनावर आला. तुळशीरामनं नजर खाली टाकली. कड सरळ होती. चुन्याची रेष सरळ होती. ठोकळ्याची सावली आणि ठोकळा यांच्यातलं अंतर कमी कमी होत गेलं, आणि किती राहिलंय ते त्याला दिसत होतं, अंदाज करावा लागत नव्हता. वीतभर. चार बोटं. दोन. किसनची करंगळी हलली आणि त्यानं दांडा सोडला. ठोकळा टेकल्याचा आवाजही झाला नाही.

मॅडमनी असं सहा वेळा करायला लावलं, त्यात दोनदा ठोकळा चौकोनाबाहेर नेऊन पुन्हा आत आणायला. मग कागदावर सही केली.

तो खाली आला तेव्हा लोक पांगले होते. किसन साखळ्या गुंडाळत होता. तुळशीराम त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"माझा चुकला, किसन," तो म्हणाला.

किसननं साखळी खांद्यावर टाकली. "मी बायकोला अजून सांगितलेलं न्हाई मोज्याचं," तो म्हणाला. "सांगनार बी न्हाई. रोज सकाळी बोटं विचारीन मी. कट्टाळा आला तरी दाखवायची."

"दाखवीन."

"आन् एखाद्या दिवशी दिसली न्हाईत, तर तसं सांगायचं."

"सांगेन."

किसन साखळी घेऊन रॅककडं निघाला. दुपारी जेवायच्या सुट्टीत तो बाकावर येऊन बसला, तुळशीरामपासून जरा अंतर ठेवून, आणि डबा उघडता उघडता म्हणाला, की उद्या टाकीचं दुसरं झाकण आहे, साडेचार टनांचं, तेव्हा सातच्या आत यावं लागेल.